गोळ्या मिळाल्या, पण त्या समजल्या का?



शेवगाव तालुक्यातील एका वस्तीवर आजारी व वृद्ध बांधवांना पवित्र ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही गेलो असता, प्रार्थना आटोपल्यावर एका आजींनी कोनाड्यातील पत्र्याचा डबा काढून आमच्यासमोर ठेवला. डब्यात कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, कागदाच्या पुडीत काही सुट्या गोळ्या होत्या आणि दोन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या घड्या पडलेल्या चिठ्ठ्या होत्या. "पांढरी सकाळची, पिवळी रातची, हे मला पाठ होतं, फादर," आजी म्हणाल्या, "पण या खेपेला दुकानदारानं गुलाबी दिली. ती पांढरीच्या जागी का पिवळीच्या, हे कुणाला इचारू?" आजी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्या नातवाने पट्टीवरील इंग्रजी नाव अडखळत वाचले. परंतु त्या नावाचा अर्थ त्यालाही सांगता आला नाही. आम्ही त्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या घेऊन एका परिचित डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. दोन निराळ्या नावांच्या गोळ्यांत साखर उतरवणारे एकच औषध होते आणि आजी ते दुप्पट घेत होत्या. दुपारी घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते, हे आपल्या वयाचे दुखणे आहे असे त्या समजत होत्या.

आजींना निष्काळजी म्हणावे काय? त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. वेळ पाळली होती, पैसे खर्च केले होते आणि दोन्ही डॉक्टरांवर विश्वास ठेवला होता. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांच्यापर्यंत पोहोचले आहे की नाही, एवढे मात्र कोणीच तपासून पाहिले नव्हते. प्रस्तुत लेखात आम्हाला नेमके हेच मांडावयाचे आहे. रुग्णाच्या हाती औषध पडले म्हणजे मधुमेहाचा उपचार झाला, असे नव्हे. ते केव्हा, किती आणि कशासाठी घ्यायचे हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवले, म्हणजे उपचाराला खरी सुरुवात झाली.

श्रीमंतांचा रोग ही जुनी समजूत

मधुमेह हा खुर्चीत बसून काम करणाऱ्या, सुखवस्तू आणि स्थूल माणसांचा रोग आहे, अशी समजूत आपल्या खेड्यांतून अजूनही आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातील सर्व राज्यांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हे प्रमाण प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के होते. आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. दिसायला कृश असलेल्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते आणि त्याची मुळे आईच्या उदरातील पोषणापर्यंत जाऊन भिडतात, ही गोष्ट त्यांच्या संशोधनाने जगापुढे आली. तेव्हा उन्हातान्हात राबणारा, अंगाने काटकुळा शेतमजूर मधुमेहापासून सुरक्षित आहे, असे मानण्यास आधार उरलेला नाही.

शासनानेही याची दखल घेतली आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या नियंत्रणासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढे या कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील प्रत्येकाची घरोघर माहिती घेण्याचे काम आशा ताईंकडे आले. २०२५ अखेरपर्यंत ७.५ कोटी रक्तदाब व मधुमेह रुग्णांना प्रमाणित उपचाराखाली आणण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर झाले आणि २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात देशभर विशेष तपासणी मोहीमही राबवली गेली. हे सर्व स्वागतार्हच आहे. मात्र त्याचा एक परिणाम आपण लक्षात घ्यावयास हवा. ज्या घरांत पूर्वी औषधाची पट्टी क्वचितच येत असे, त्या घरांत आता जन्मभर घ्यावयाच्या गोळ्या येऊन पोहोचल्या आहेत. किती जणांची बोटे टोचली आणि किती पट्ट्या वाटल्या हे मोजता येते, नोंदवहीत लिहिता येते. किती जणांना गोळीचा हिशेब समजला, यासाठी नोंदवहीत रकाना नसतो.

चिठ्ठीची भाषा कोणाची?

डॉक्टरांची चिठ्ठी आपण कधी नीट पाहिली आहे काय? त्यावर '१-०-१' असे आकडे असतात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हा त्याचा अर्थ. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना, 'एसी' म्हणजे जेवणाआधी आणि 'पीसी' म्हणजे जेवणानंतर. यांतील बरीचशी अक्षरे लॅटिन भाषेतून आलेली आहेत. सेमिनरीत असताना आमची लॅटिनशी थोडीफार ओळख झाली होती. तरीही ही अक्षरे पहिल्यांदा वाचताना आम्ही गोंधळलोच होतो. मग ज्या माउलीने पाटीला हात लावलेला नाही, तिने काय करावे?

२०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती होऊन औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगण्यात आले. १ ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. बनावट औषधांना आळा घालण्यासाठी ही पावले उपयुक्त आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु मोठ्या अक्षरांतील इंग्रजी हीदेखील इंग्रजीच असते आणि क्यूआर कोड वाचायला स्मार्टफोन लागतो. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७९ टक्के होती. याचा अर्थ सात वर्षांवरील दर पाच व्यक्तींमागे एकीला आपल्या मातृभाषेतही लिहिता-वाचता येत नव्हते आणि वृद्ध स्त्रियांमध्ये तर ही उणीव अधिकच असते.

वाचता न येणारी माणसे म्हणून रंग, आकार आणि जागा यांच्या खुणा धरतात. ही त्यांची हुशारी आहे. पण औषधाचा व्यवहार त्या हुशारीला साथ देत नाही. पुरवठादार कंपनी बदलली की त्याच औषधाच्या गोळीचा रंग बदलतो. हाताशी पैसे कमी असल्यामुळे रुग्ण चारच गोळ्या मागतो. दुकानदार पट्टी कापून देतो आणि औषधाचे नाव व मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. एक डॉक्टर सोडून दुसऱ्याकडे गेले की नव्या गोळ्या सुरू होतात. जुन्या बंद करावयाच्या आहेत, हे सांगायचे राहून जाते.

"समजलं का?" या प्रश्नाचा उपयोग नाही

हा प्रश्न केवळ निरक्षरांचा नाही, हे दाखवणारा एक अभ्यास २००६ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरील सूचना वाचावयास दिल्या. त्यांतील एक सूचना अशी होती: दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्या. ज्यांचे वाचन कच्चे होते अशांपैकी ७०.७ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर म्हणून दाखवली. मात्र "दिवसभरात किती गोळ्या घ्याल, त्या मोजून दाखवा," असे सांगितल्यावर चार गोळ्या बरोबर मोजणारे केवळ ३४.७ टक्के निघाले. सूचना पाठ असणे आणि ती आचरणात आणता येणे यांत किती अंतर आहे, ते यावरून कळते.

आता दुसरी बाजू पाहू. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ३८ डॉक्टर आणि आरोग्यविषयक समज कमी असलेले ७४ मधुमेही रुग्ण यांचा अभ्यास झाला. आपण नव्याने सांगितलेली गोष्ट रुग्णाला कळली की नाही, हे डॉक्टरांनी पाचांपैकी जेमतेम एका भेटीतच तपासले होते. ज्यांनी ते तपासले, त्यांच्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात असण्याची शक्यता जास्त आढळली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात औषधनिर्माता, म्हणजे फार्मासिस्ट, रुग्णांना सोप्या भाषेत समजावून सांगत असे आणि त्यांचा पाठपुरावाही करीत असे. कमी वाचता येणाऱ्या रुग्णांपैकी असे साहाय्य मिळालेल्या ४२ टक्के लोकांची साखर उद्दिष्टाइतकी खाली आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते.

या पद्धतीत अवघड असे काही नाही. "समजलं का?" असे विचारले की आपली माणसे "हो डॉक्टरसाहेब" असेच म्हणतात. मोठ्या माणसापुढे 'नाही' म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही आणि अडाणी ठरण्याची लाजही असते. त्याऐवजी विचारावे, "मावशी, घरी गेल्यावर सूनबाईला या गोळ्या कशा सांगाल, ते मला सांगून दाखवा बरं." मावशी चुकल्या तर पुन्हा सोप्या शब्दांत सांगावे आणि पुन्हा विचारावे. परीक्षा मावशींची नसते. आपल्या सांगण्याची असते.

डॉक्टरांना एवढा वेळ कोठून मिळणार, असा आक्षेप घेतला जाईल. ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग आम्हीही पाहिली आहे आणि त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु हे काम डॉक्टरांनीच केले पाहिजे, असे नाही. परिचारिका, औषध देणारा, आशा ताई किंवा घरातील शिकलेले मूल, यांपैकी कोणीही ते करू शकते. मात्र आशा ताईंवर आधीच कामाचा मोठा भार आहे आणि मानधनासाठी त्यांना २०२३ व २०२४ मध्ये संपाचा मार्ग धरावा लागला होता, हेही विसरता कामा नये. सगळे त्यांच्याच खांद्यावर टाकून आपण मोकळे होणे न्यायाचे नाही.

चुका कोठे होतात?

गैरसमज काही ठरावीक ठिकाणीच होतात, असा आमचा अनुभव आहे. वाचकांनी ही ठिकाणे लक्षात ठेवावीत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगावीत.

पहिला गैरसमज म्हणजे, "शुगर नॉर्मल आली, आता गोळी कशाला?" साखर गोळीमुळेच आटोक्यात आलेली असते. गोळी स्वतःहून थांबवली की ती पुन्हा चढते आणि बहुधा काही दुखत नसल्यामुळे ते कळतही नाही.

दुसरा गैरसमज जेवणाविषयीचा आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे साखर वेगाने उतरवतात. ती घेऊन जेवण टाळले, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छाती धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी बरे वाटते का ते पाहावे, न वाटल्यास पुन्हा द्यावे आणि मग काही खावयास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे. "मधुमेह्याला साखर कशी द्यायची?" या शंकेपायी हा उपचार टाळणे जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट गोळीच्या रचनेची. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटून किंवा चावून घेतल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. अशा काही गोळ्यांचे रिकामे कवच शौचातून बाहेर पडलेले दिसते. ते पाहून "गोळी जशीच्या तशी बाहेर आली, अंगी लागली नाही," असे समजून काही जण आणखी एक घेतात. औषध शरीरात शोषले गेलेले असते. बाहेर येते ते टरफल.

चौथा प्रश्न इन्सुलिनचा. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुतेक ४० एककांचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. १०० एककांच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज केशरी टोपणाची असते. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली, तर मात्रा अडीचपट कमी किंवा जास्त होते. घरी फ्रीज नसल्यास, किंवा वीज वारंवार जात असल्यास, वापरात असलेली कुपी ओलावा न लागेल अशी गुंडाळून पाण्याने गार ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. सर्वसाधारणपणे उघडलेली कुपी चार आठवड्यांत संपवावी. बर्फाच्या कप्प्यात ती कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पाचवी भीती मूत्रपिंडाची. "गोळ्यांनी किडनी खराब होते," हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले. मूत्रपिंडाची हानी करते ती वर्षानुवर्षे चढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. मूत्रपिंड दुबळे झाले असेल तर काही औषधे कमी करावी किंवा बदलावी लागतात. परंतु ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतात, शेजारी नव्हे.

कोयता आणि उपवास

शेवगाव, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि पुढचे पाच-सहा महिने साखर कारखान्यांच्या परिसरातील कोपींत काढतात. साखरेसाठी ऊस तोडणाऱ्या या हातांपैकी काही हात आता साखरेच्या गोळ्याही घेतात. गावच्या आरोग्य केंद्रातून औषध बहुधा महिनाभराचेच मिळते. ते संपल्यावर परक्या तालुक्यात कोणाकडे जायचे, काय मागायचे, हे कळत नाही आणि गोळी सुटते. शिवाय पहाटे उठून उपाशीपोटी उसाच्या फडात उतरायचे, जेवण दहा-अकरा वाजता करायचे. मग 'सकाळची गोळी' नेमकी केव्हाची? अंगमेहनतीने साखर आधीच उतरते. अशा माणसाला 'सकाळी एक' एवढेच सांगणे पुरेसे नाही. त्याचा दिवस कसा जातो हे विचारूनच वेळ सांगावयास हवी. गावातून निघण्यापूर्वी 'आम्ही तोडीला चाललो' हे डॉक्टरांना सांगणे, मिळेल तितके अधिक दिवसांचे औषध मागून घेणे, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत जपणे आणि मुकादमाकडे किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये तिचे छायाचित्र ठेवणे, एवढे तरी निश्चितच करता येईल.

उपवासाचा विषय आम्हा धर्मगुरूंच्या कर्तव्याचाच भाग आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशी वयाच्या १८ व्या वर्षापासून साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत उपवासाचा नियम आहे. परंतु आजारी माणसावर तो बंधनकारक नाही. तरीही गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणाऱ्या, किंवा उपवास आहे म्हणून गोळीच सोडणाऱ्या माता-भगिनी आम्हाला भेटतात. तीच गोष्ट हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांची. देवाने रुग्णाकडून भूक मागितलेली नाही, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगण्याची जबाबदारी आमची आहे. आपल्या शेजारच्या हिंदू बांधवांच्या एकादशी-नवरात्रात आणि मुस्लिम बांधवांच्या रमजानमध्ये हाच प्रश्न उभा राहतो. उपवास करावयाचाच असेल, तर औषधाच्या वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे

अल्पशिक्षित माणसांना आरोग्यशास्त्र कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, दलित समाजातील होत्या, एकट्या पडलेल्या होत्या. त्या स्त्रियांनी बाळंतपणे सुखरूप केली, बालकांचे कुपोषण हटवले, लोकांना रोगाची कारणे समजावली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कामाचा समावेश झाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या प्रकल्पाची शिकवण आमच्या मते ही आहे: शिकलेला माणूस एकदा बोलून निघून जातो, गावातलीच बाई गावच्या भाषेत, चुलीपाशी बसून, पुन्हा पुन्हा सांगते आणि समोरचीने काय धरले ते लगेच ओळखते.

अलीकडचे उदाहरणही आश्वासक आहे. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यातील राज्यांमध्ये महाराष्ट्राचा समावेश होता आणि भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा या जिल्ह्यांपासून येथे प्रारंभ झाला. ठरलेली मोजकी औषधे, सर्वांना समान क्रमाने, घराजवळच्या केंद्रात आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, असे त्याचे साधे सूत्र आहे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. औषधांची नावे व रंग जितके कमी बदलतील, तितका न वाचता येणारा रुग्ण सुरक्षित राहील. मधुमेहाच्या बाबतीतही शासनाने हाच मार्ग धरावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. चिठ्ठीवरील सूचना मराठीत आणि चित्रांत असावी, ही मागणीही अवाजवी नाही.

आपण काय करू शकतो?

शासनाकडे मागणे मागत असताना आपले हात रिकामे ठेवणे बरे नव्हे. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातील एका रविवारी, मिस्सानंतर अर्धा तास यासाठी द्यावा, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी मधुमेही बंधुभगिनींनी आपल्या घरातील सर्व गोळ्या, चिठ्ठ्या आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा पिशवीत घालून आणाव्यात. परिचारिका असलेल्या सिस्टर्स, औषधनिर्माणशास्त्र शिकलेले आपले तरुण आणि निवृत्त आरोग्य कर्मचारी यांनी त्या पाहाव्यात. एकच औषध दोन नावांनी चालू आहे काय, मुदत संपली आहे काय, हे तपासावे आणि शंका आढळल्यास रुग्णाला डॉक्टरांकडे घेऊन जावे. एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी. कोणतीही गोळी सुरू करणे, बंद करणे वा कमी-अधिक करणे हे आपले काम नव्हे.

प्रत्येक रुग्णासाठी पुठ्ठ्याचे एक साधे कार्ड करावे. त्यावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रे काढावीत. प्रत्येक चित्राखाली त्या वेळची गोळी पट्टीच्या तुकड्यासह चिकटवावी. जेवणाआधीच्या गोळीपाशी रिकामे ताट आणि जेवणानंतरच्या गोळीपाशी भाकरीचे ताट काढावे. गोळीचा रंग बदलला की कार्डही त्याच दिवशी बदलावे. ज्यांना औषधाचा खर्च झेपत नाही, त्यांना २००८ पासून सुरू असलेल्या जनऔषधी योजनेची माहिती द्यावी आणि स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी नव्हे, हेही समजावून सांगावे.

आणि ज्यांना यांपैकी काहीच जमणार नाही, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न पाठ करून द्यावा. नवी गोळी हाती आली की डॉक्टरांना किंवा दुकानदाराला विचारायचे: "ही जुन्या गोळीच्या जागी आहे, की जुनीच्या जोडीला?" एवढा एक प्रश्न कोणी वेळीच विचारला असता, तर लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या आजींना भर दुपारी भिंतीचा आधार घेत उभे राहावे लागले नसते.

त्या आजींकडे आम्ही अलीकडेच पुन्हा जाऊन आलो. डॉक्टरांनी जादाची गोळी बंद केली आहे आणि कोनाड्यातील डब्यावर नातवाने सूर्य-चंद्र काढले आहेत. आम्ही विचारण्याआधीच आजींनी सगळा हिशेब सांगून दाखवला. चंद्राखालच्या एका गोळीपाशी त्या थांबल्या, नातवाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ही जेवल्यावर, नव्हं?" नातवाने मान डोलावली. विचारण्याची लाज त्या घरातून गेली आहे, याचे आम्हाला अधिक समाधान वाटले.

प्रिय वाचकहो, येत्या रविवारी घरी परतताना आपल्या शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांच्या ओट्यावर क्षणभर टेकावे आणि त्यांना विचारावे, "आजी, कोणती गोळी कशाची, मला सांगता का?" मग आपण काही न बोलता ऐकावे.

— संपादक